नाशिकची वाइन आणि काळ्या मसाल्याचं जेवण: कशासोबत काय घ्यावं?

पौडरस्ता_६
फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही सहा जण पुण्याहून दोन दिवसांसाठी नाशिकला निघतोय. गंगापूर धरणाच्या बाजूच्या वाइनरी बघायच्या आहेत. येताना चार-पाच बाटल्या आणून पुढच्या शनिवारी घरीच जेवण करायचंय. बेत मराठीच: कोथिंबीर वडी, सुरमई फ्राय, भरली वांगी, मटणाचा रस्सा, भाकरी आणि शेवटी पुरणपोळी. चीज-पास्त्यासोबत काय घ्यावं ते सगळीकडे लिहिलेलं सापडतं, काळ्या मसाल्याबद्दल कोणी बोलत नाही. कुठली वाइन कशासोबत घ्यावी? आणि टेस्टिंगला जाताना काय सांभाळायचं?

भाकरी_आणि_शिराझ
मटणाला रेड आणि माशाला व्हाइट हा हिशोब आपल्या जेवणाला पुरत नाही. आपल्याकडे वाइन ठरते ती मसाल्यावरून, तिखटावरून आणि आंबटावरून. झणझणीत रश्श्यावर चौदा टक्के अल्कोहोलची कॅबर्ने, म्हणजे जड रेड, घेतली की अल्कोहोलमुळे तिखट आणखी चढतं आणि टॅनिनचा (द्राक्षाच्या साल-बियांतून येणारं द्रव्य) तुरटपणा थेट कडवट लागतो. आंबटाचं गणित वेगळं. पदार्थ वाइनपेक्षा आंबट झाला की वाइन पाणचट लागते. चिंच, कोकम, लिंबू यांवर म्हणूनच हात आखडता ठेवायचा. मीठ आणि तेल मात्र वाइनच्या बाजूचे.

कोथिंबीर वडीला सोव्हिनियाँ ब्लाँ ही व्हाइट. तिला मुळातच हिरवा, पाल्यासारखा वास असतो, तो कोथिंबिरीशी जुळतो आणि तिचा आंबटपणा तळणीचा तेलकटपणा काढतो. वडीसोबत चिंचेची चटणी ठेवू नका, पुदिन्याची चालेल.

सुरमईला ब्रूट (गोड नसलेली) स्पार्कलिंग, म्हणजे बुडबुड्यांची वाइन, किंवा शेनिन ब्लाँ ही व्हाइट. रेड अजिबात नको. रेडमधलं लोह आणि माशाचं तेल एकत्र आलं की तोंडात गंज चाटल्यासारखी चव राहते. आगळ (कोकमाचा रस) लावून मुरवणार असाल तर नेहमीच्या निम्मं घ्या. वरून लिंबू पिळू नका, तो आंबटपणा वाइनलाच आणू द्या.

भरली वांगी हा या बेतातला सगळ्यात चांगला पदार्थ आहे, त्याला भाजी म्हणून बाजूला टाकू नका. दाण्याचं कूट, तीळ, सुकं खोबरं यांच्या तेलात शिराझ ही रेड मऊ होते आणि तिच्यातला मिरीसारखा वास काळ्या मसाल्याला धरून राहतो. अर्धा किलो वांग्यांना लिंबाएवढी चिंच घालत असाल तर सुपारीएवढीच घाला, गूळही त्याच मापात कमी करा. गूळ जास्त झाला तर वाइन आंबट आणि रोडावल्यासारखी लागते.

मटणाची चरबी आणि प्रथिनं टॅनिनला पकडून ठेवतात. इथे सांजोव्हेजे आणि कॅबर्ने या दोन रेड द्राक्षांचं मिश्रण उत्तम. त्यासाठी नाशिकचाच हट्ट नको, अकलूजजवळच्या फ्रातेल्ली वाइनरीची ‘सेत्ते’ ही वाइन याच दोन द्राक्षांची आहे. किलोभर मटणाला कांदा-लसूण मसाला दोन चहाचे चमचे पुरे, रंग काश्मिरी मिरचीवर आणा. वरची तर्री काढून वेगळ्या वाटीत ठेवा. ज्याला हवी त्याने घ्यावी, पण त्या घासावर वाइन नको.

खरडछाटणी
टेस्टिंगबद्दल सांगतो. तुमची वेळ चांगली आहे. आपल्याकडे वेलीची छाटणी दोनदा होते, उन्हाळ्यात खरड छाटणी आणि पावसाळा सरता सरता फळछाटणी. पीक एकच, साधारण जानेवारी ते मार्च. म्हणजे तुम्हाला वेलीवर घड आणि आत चालू असलेलं आंबवण दोन्ही बघायला मिळेल. टूरमध्ये साखरेचं मोजमाप जरूर विचारा. वाइनची द्राक्षं साधारण २२ ते २४ ब्रिक्सला (रसातल्या साखरेचं टक्क्यांतलं माप) तोडतात आणि त्यातूनच बारा-तेरा टक्के अल्कोहोल येतं. जाताना नारायणगावला रस्त्याकडेला दिसतील ती खायची द्राक्षं. मोठा मणी, पातळ साल, बी नाही. वाइनचा मणी लहान, जाड सालीचा आणि बियांचा असतो, कारण रंग आणि टॅनिन तिथूनच येतात.

नाशिकला पोचलात की मिसळ खाणारच, पण ती टेस्टिंगनंतर. कटाने जीभ बधिर झाली की तासभर काही नीट कळत नाही. सकाळी पोहे किंवा इडली खा, रिकाम्या पोटी जाऊ नका. अत्तर, पान, मिंटच्या गोळ्या टाळा. क्रम स्पार्कलिंग, व्हाइट, रोझे (गुलाबी), रेड, सगळ्यात शेवटी गोड. एक ओतणं साधारण ३० मिली धरलं तरी पाच-सहा वाइनमध्ये अख्खा ग्लास होतो. दोन वाइनरी एका दिवसात करायच्या तर थुंकायचं भांडं मागा. त्यात संकोच करण्यासारखं काही नाही, ते त्यासाठीच ठेवलेलं असतं. दारू पिण्याचा परवाना नसेल तर एक दिवसाचा घ्यावा लागतो. गाडी चालवणाऱ्याने टेस्टिंग करायचं नाही, दोन दिवसांत पाळी वाटून घ्या.

तळघर_नाही
वर तापमान राहिलं, आणि पुण्यात खरी चूक तिथेच होते. ‘रेड खोलीच्या तापमानाला’ हा सल्ला थंड देशांतल्या खोलीचा, १६ ते १८ अंशांचा. आपल्याकडे फेब्रुवारीतही संध्याकाळी खोली २४-२५ अंशांवर असते. त्या तापमानाला अल्कोहोल नाकात जातो आणि फळाचा वास दबतो. रेड वाढण्याआधी अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा. व्हाइट दोन-तीन तास ठेवून ८ ते १० अंशांवर आणा, स्पार्कलिंग त्याहून थंड. घाई असेल तर बादलीत बर्फ, पाणी आणि मूठभर मीठ घाला, वीस मिनिटांत काम होतं. नुसत्या बर्फात बाटलीभोवती हवा राहते, म्हणून वेळ लागतो.

परतीच्या प्रवासात बाटल्या डिकीत सुट्या ठेवू नका. उन्हात उभ्या गाडीत वाइन तापते, फुगते, बूच वर सरकतं, आणि चव शिजवलेल्या मनुकांसारखी होते. थर्मोकोलच्या खोक्यात वर्तमानपत्र गुंडाळून ठेवा. घरी फ्रिजच्या माथ्यावर नको, तिथे ऊबही असते आणि थरथरही.

पौडरस्ता_६
सगळ्यांचे आभार. पुरणपोळीचं राहिलं. आणि सहा जणांना किती बाटल्या?

भाकरी_आणि_शिराझ
गोडाला नियम एकच, वाइन पदार्थाहून गोड हवी. पुरणपोळीवर ब्रूट दिली तर ती लिंबाच्या पाण्यासारखी लागेल. लेट हार्वेस्ट शेनिन ब्लाँ घ्या. द्राक्षं वेलीवर जास्त दिवस ठेवून तोडतात, म्हणून साखर उरते. पुरणात गूळ पाऊणपट करा, जायफळ-वेलची नेहमीइतकीच, तूप सढळ.

प्रत्येक पदार्थामागे माणशी १०० मिली धरा. ७५० मिलीच्या एका बाटलीत सहा जणांचं भागून थोडी उरते. म्हणजे वडी, सुरमई, वांगी, मटण यांना चार बाटल्या, आणि लेट हार्वेस्ट माणशी ६० मिली, त्याला छोटी ३७५ मिलीची पुरते. ताट एकदम वाढू नका, नाहीतर चारही वाइन एकाच घासाशी भांडतील. उरलेली व्हाइट बूच लावून फ्रिजमध्ये दोन-तीन दिवस टिकते, रेड तीन-चार दिवस. स्पार्कलिंग त्याच रात्री संपवा.