वही, स्मार्टपेन आणि पावणेदोन कोटी
बोललेले आपोआप लिहून देणारे सॉफ्टवेअर असताना, वक्त्याचे ऐकून मग दुसऱ्या भाषेत सांगणाऱ्या दुभाष्याने टिपणे कशाला काढावीत, असा प्रश्न पडू शकतो. त्याबाबत थोडे सांगतो. दुभाषे जाँ-फ्राँस्वा रोझाँ यांनी १९५६ मध्ये मांडलेली टिपणांची पद्धत शब्दांऐवजी आशय टिपायला सांगते. तो कागदावर पायऱ्यांसारखा तिरका उतरत जातो, त्यामुळे मराठीत वाक्याच्या टोकाला येणारे ‘नव्हते’ ऐकताच मागच्या क्रियापदावर फुली मारता येते. पडद्यावरचा सलग मजकूर मात्र वाचत बसावा लागतो. वांद्र्यातल्या एका बैठकीत वक्ते ‘पावणेदोन कोटी’ म्हणाले, पडद्यावर ‘दोन कोटी’ उमटले, वहीत १.७५ होते म्हणून इंग्रजीत १७.५ मिलियन बिनचूक गेले. लिहिताना आवाजही टिपून ठेवणारे स्मार्टपेन त्यामानाने बरे, कारण ते टिपणावर टेकवले की त्या क्षणाचे ध्वनिमुद्रण ऐकू येते. अर्थात, गोपनीय बैठकीत परवानगी आधी घ्यावी.