दुसऱ्या कंपनीची गाडी म्हणून शोरूमवाल्यांनी साधा पाना पण देऊ नये का?

भटक्या_कराडकर

रविवारी मालवणला चाललो होतो, गगनबावड्याहून करूळ घाट उतरताना क्लच वायर तुटली. क्लचशिवाय गिअर टाकत कसाबसा कणकवलीपर्यंत आलो. स्पेअर वायर बॅगेत होती, पण कंपनी टूलकिटमध्ये जो पत्र्याचा पाना देते तो नटाचे कोपरे खातो, नट हलत नाही. रविवार असल्यामुळे गॅरेजं बंद. हायवेलाच एका दुसऱ्या कंपनीचं मोठं शोरूम, वर्कशॉप चालू. आत जाऊन म्हटलं, भाऊ वायर माझ्याकडे आहे, फक्त दहाचा आणि बाराचा पाना द्या, मी इथंच कडेला बसून टाकतो, काय होतील ते पैसे घ्या. ॲडव्हायझर म्हणतो, "सर आपण फक्त आपल्याच गाड्या घेतो." अरे घे म्हणतंय कोण? वर वॉचमनला पाठवून गाडी रॅम्पवरून खाली काढायला लावली. शेवटी पलीकडच्या पंक्चरवाल्यानं पाना दिला, पैसे पण घेतले नाहीत.

माझं म्हणणं एवढंच आहे की मला सर्व्हिसिंग नको, इंजिन खोलायला नको. वायर, फ्यूज, चेन टाईट करणं, बल्ब, प्लग असली कामं कुठल्याही शोरूमनं अडलेल्या माणसाला पैसे घेऊन करून द्यावीत. तुम्हाला काय वाटतं?

आतला_माणूस

मी एका दुचाकी डीलरकडे वर्कशॉपला आहे, कंपनी सांगत नाही. पाना द्यायला हवा होता, त्यात वाद नाही, तो ॲडव्हायझर आगाऊ होता. पण तुमची पुढची मागणी मला पटत नाही.

गाडी आत घेतली की जॉब कार्ड, म्हणजे गाडीची आणि कामाची नोंद, उघडावी लागते. ते कंपनीच्या सिस्टीममध्ये चेसिस नंबरवर उघडतं, तुमचा नंबर टाकला की रेकॉर्डच नाही. जॉब कार्ड नाही म्हणजे लेबरचं बिल नाही. बिल नाही म्हणजे पोरानं ते काम कॅशमध्ये केलं असा अर्थ निघतो, आणि कंपनीचा माणूस ऑडिटला आला की पहिली शिवी वर्क्स मॅनेजर खातो.

त्याहून मोठी गोष्ट म्हणजे जबाबदारी. चेन टाईट करून दिली, पुढं जाऊन मागचं चाक जॅम झालं, माणूस पडला, तर तो कोणाच्या दारात येणार? आमच्या पोरांचं ट्रेनिंग आमच्या मॉडेलवर झालेलं असतं, कुठल्या गाडीला चेन किती ढिली ठेवायची आणि ॲक्सलचा नट किती टाईट करायचा हे गाडीगणिक बदलतं. तेलाचं पण तेच. आमच्याकडे बॅरल 10डब्ल्यू-30 ग्रेडच्या इंजिन ऑइलचं, तुम्ही रॉयल एनफील्डची क्लासिक 350 घेऊन आलात तर तिला 15डब्ल्यू-50 लागतं. ते मी ठेवतच नाही. लोक म्हणणार शोरूम असून तेल नाही.

आणि शनिवारी रविवारी आमच्याच गिऱ्हाइकांच्या गाड्यांची रांग गेटपर्यंत असते हो. त्यांनी सकाळपासून नंबर लावलेला, मी मध्येच तुमची गाडी घेतली तर ते गप्प बसतील?

बुलेटराजे

पंक्चरवाल्याकडे ट्रेनिंग सर्टिफिकेट होतं का भाऊ? 😂

आप्पा_मिरजकर

मी आतल्या माणसाच्या बाजूनं. गाडी घेताना लोक फक्त लूक आणि ॲव्हरेज बघतात, आपल्या जिल्ह्यात सर्व्हिस सेंटर किती हे कोण बघतं? नव्या ब्रँडची हौस तुम्हाला, आणि तुमच्या कंपनीनं जिथं डीलर नेमला नाही तिथली सेवा दुसऱ्याच्या डीलरनं द्यायची? त्यानं जागा, मशीन, पगार सगळं स्वतःच्या खिशातून उभं केलंय. 2020 च्या सप्टेंबरात हार्ले या अमेरिकन बाईक कंपनीनं इथला कारभार गुंडाळायचं जाहीर केलं तेव्हा लाखो रुपये मोजलेली माणसं तोंडात बोट घालून बसली होती. नंतर हिरोनं करार केला म्हणून निभावलं. तेव्हा नेटवर्क बघूनच गाडी घ्यावी. साधी गोष्ट आहे.

भटक्या_कराडकर

आप्पा, माझ्या कंपनीचा डीलर कणकवलीत नाही पण सिंधुदुर्गात आहे, मी नेटवर्क बघूनच घेतलीय. वायर डीलरचं दार बघून तुटत नाही.

तेजू_नाशिक

आतल्या दादांचं सिस्टीमचं कारण मला अर्धंच पटतं. त्याच शोरूममध्ये हेल्मेट, ग्लोव्हज, चेन ल्यूब कोणालाही मिळतं, तिथं काउंटर बिल बनतं की नाही? तेव्हा चेसिस नंबर कोणी विचारत नाही. मग "इमर्जन्सी लेबर" म्हणून एक ओळ त्याच काउंटर बिलात टाकता येत नाही असं नाही, टाकायची नाही एवढंच.

आणि कंपनीच्या मनात आलं की सिस्टीम बरोबर उघडते. केटीएमच्या शोरूममध्ये 2020 पासून हस्कवार्ना या दुसऱ्या ब्रँडच्या बाईक विकतात, सर्व्हिस पण तिथंच. हार्लेची एक्स 440 तर हिरोच बनवते आणि स्वतःच्या प्रीमिया शोरूममधून विकते. याउलट ट्रायम्फची स्पीड 400 बजाजच्याच चाकणच्या कारखान्यात बनते, पण पल्सरवाल्या शोरूममध्ये नेऊन बघा. बीएमडब्ल्यूची जी 310 होसूरला टीव्हीएसच्या कारखान्यात बनायची, अपाची आरआर 310 त्याच इंजिनावर, पण दोघांची दारं वेगळी. मेकॅनिकच्या हाताला नट तोच लागतो, भिंत फक्त टाकीवरच्या नावाची आहे.

एका गोष्टीत मात्र दादा बरोबर. माझा भाऊ दुसऱ्या ब्रँडच्या वर्कशॉपमध्ये ओळखीनं गाडी देऊन आला, त्यांनी बॅटरी काढून लावली, नंतर एबीएसचा, म्हणजे ब्रेकच्या सिस्टीमचा, लाईट जाईना आणि त्यांच्याकडे आमच्या गाडीचा फॉल्ट वाचायचा स्कॅनर नाही. शेवटी छोटा हत्ती करून गाडी आमच्या डीलरकडे न्यावी लागली. तेव्हा वायर-फ्यूजच्या पुढं कोणी जाऊच नये.

आतला_माणूस

तेजूताई, काउंटर बिलाची आयडिया चांगली आहे, पण ते डीलरच्या मालकाला पटायला हवं, माझ्यासारख्या पगारी माणसाला नाही. आणि ट्रायम्फवाल्यानं पल्सरच्या रांगेत उभं राहायचं ठरवलं तर तो स्वतःच आधी कुरकुर करेल, त्यानं पैसे लाउंजमधल्या कॉफीचे पण मोजलेत.

बुलेटराजे

कॉफीसाठी नाही दादा, एसीसाठी.

सावंतवाडीचा_फिटर

सगळे शोरूमचं बोलतायत म्हणून गॅरेजवाल्याचं पण ऐका. गोव्याकडे जाणारे रायडर आमच्याकडे बारा महिने येतात, सगळ्या ब्रँडचे. वायर, फ्यूज, पंक्चर ही आमची रोजी आहे. भटक्या भाऊ, तुमची सूचना मान्य झाली आणि प्रत्येक शोरूमनं "सगळ्या गाड्यांची छोटी कामं" बोर्ड लावला तर आम्ही काय करायचं? मला तर बरंच वाटतं ते नको म्हणतात. पाना नाही दिला ते वाईट केलं, माणुसकी म्हणून द्यायला हवा होता.

माझं भांडण दुसरंच आहे. एप्रिल 2020 ला धुराच्या प्रदूषणाचा बीएस6 नियम आला, बारक्या गाड्या पण कार्बोरेटर सोडून फ्यूएल इंजेक्शनवर गेल्या. आधी कार्बोरेटर खोलला, जेट साफ केला, गाडी चालू. आता चेक लाईट लागला की स्कॅनर पाहिजे, प्रत्येक कंपनीचा खरा स्कॅनर तिच्या डीलरकडेच. बाजारात मिळतात ते काही गाड्यांचा कोड वाचतात, काहींचा नाही, आणि वाचला तरी नंतरचं सेटिंग करू देत नाहीत. म्हणजे शोरूमवाला दुसऱ्याची गाडी घेत नाही, आणि आम्ही घ्यायला तयार असलो तर कंपनी आम्हाला साहित्य देत नाही. मधे रायडर लटकतो.

2014 साली कॉम्पिटिशन कमिशननं, म्हणजे कंपन्यांच्या मक्तेदारीवर नजर ठेवणाऱ्या सरकारी आयोगानं, याच गोष्टीवरून 14 कार कंपन्यांना मिळून अडीच हजार कोटींच्या वर दंड लावला होता. बाहेरच्या गॅरेजला स्पेअर आणि टूल द्या, आणि बाहेर काम केलं म्हणून सरसकट वॉरंटी बंद करू नका असा आदेश होता. त्या यादीत दुचाकीवाला एक पण नव्हता. 2022 च्या डिसेंबरात सरकारनं राईट टू रिपेअरचं, म्हणजे दुरुस्तीच्या हक्काचं, पोर्टल काढलं, त्यात गाड्या पण आहेत. माझ्या टेबलावर मात्र त्यातून अजून काही आलेलं नाही.

आप्पा_मिरजकर

फिटर भाऊ, स्कॅनर सगळ्यांना दिला तर उद्या कोणीपण ईसीयूत, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरमध्ये, हात घालेल, आणि इंजिन बसलं की गिऱ्हाईक वॉरंटी मागायला डीलरकडेच येणार.

सावंतवाडीचा_फिटर

आप्पा, ज्याच्या हातून बिघडलं त्यानं भरून द्यावं, एवढं तर त्या आदेशात पण कंपन्यांसाठी सोडलेलं आहे. मी पक्कं बिल देतो, नाव पत्ता त्यावर असतो, माझ्या दारात या की. चार जणांत मिळून स्कॅनर विकत घ्यायची तयारी आहे आमची, फुकट कोणी मागत नाही, पण डीलरशिवाय कोणाला विकतच नाहीत.

आतला_माणूस

स्कॅनरचं खरं आहे, तो आम्हाला पण कंपनीच्या लॉगिनवर चालतो, माझ्या हातात असतं तरी देता आला नसता. स्पेअर मात्र आमच्या काउंटरवर कोणालाही मिळतं. मॉडेल आणि पार्ट नंबर सांगा, माल नसेल तर ॲडव्हान्स भरा, मागवून देतो. गॅरेजवाले रोज घेऊन जातात.

सावंतवाडीचा_फिटर

तुमच्याकडे देत असतील. इकडे एका ठिकाणी गाडीची आरसी मागतात आणि आठ दिवस सांगतात, तेवढ्यात गिऱ्हाईक गोव्याहून परत पुण्याला पोचलेलं असतं.