पऱ्हाटीत (कपाशीत) तण मातलं, कोणतं तणनाशक मारू?

राळेगावचा_कास्तकार: दोन एकर पऱ्हाटी, मधात तुरीचे तास (ओळी). पाणी उसंतच देत नाही, डवरा (बैलाचं कोळपं) घातला का चिखल होते नुसता. केना, मोथा, सावा समदंच वाढलं. साधं बीटी आहे, चोर बीटी (बिगर मंजुरीचं, ग्लायफोसेट सहन करणारं) नाही. एकरी हजाराच्या वर जमत नाही. काय मारू?

धुरेवाला: ग्लायफोसेट मार ना भाऊ, समदंच हिरवं मरते, नोझलले हूड (झाकण) लाव. मी दरवर्षी मारतो, तास अन धुरे (बांध) दोन्ही साफ.

पांढरं_सोनं: पह्यले वाचत जा राजेहो, साधं बीटी म्हणते तो. शिंतोडा पानावर उडाला का झाड गेलं समजा. म्या तं यंदा डबल मोटरचा बॅटरी पंप घेतला, साडेचार हजाराचा, पाठच दुखत नाही, तोच घ्या.

वणीकर: हजार रुपये म्हटले त्यानं अन तू पंप इकून राह्यला.

हिरवं_वावर: पायरिथायोबॅक अन क्विझालोफॉपचं मिक्स येते, तण दोन-चार पानाचं असलं तं कपाशीत चालते, पण तुरीवर पडलं तं तूर बसली. नुसतं क्विझालोफॉप तुरीले काही करत नाही, सावा मरते, केना अन मोथा मात्र तसाच उभा राह्यते.

धुरेवाला: म्हणूनच म्हणतो ग्लायफोसेट. हूड लावून.

आर्वीकर: २०२२ च्या ऑक्टोबरात केंद्राचा आदेश निघाला होता, ग्लायफोसेट पेस्ट कंट्रोल ऑपरेटरनंच मारायचं. कॅन्सरचं पण बोलतेत, २०१५ मधी डब्ल्यूएचओच्या कॅन्सरवाल्या संस्थेनं 'बहुधा होते' असं म्हटलं.

धुरेवाला: मंग चहा सोडा, चहाच्या मळ्यात अन पीक नसलेल्या जागेतच तं त्याले मंजुरी आहे. अन ऑपरेटर आमच्या गावात कोण, लाइनमन?

वणीकर: काही मारा पण टू-फोर-डी नको. शेजाऱ्यानं मक्यात मारलं, हवा आमच्याकडं होती, माह्या पऱ्हाटीची पानं भेंडीसारखी झाली अन पात्या (फुलाच्या कळ्या) गळल्या ते वेगळंच. तो अजून म्हणते रोग आला तुमच्यावर. तोच पंप नुसता इसळून कपाशीत नेला तरी हेच होते, तणनाशकाचा पंप अलगच ठेवा.

हिरवं_वावर: +१. नोझल पण कट वालं (चपट्या फवाऱ्याचं) लावा, कीटकनाशकाचं गोल फवाऱ्याचं नाही. ग्लायफोसेटले नाल्याचं गढूळ पाणी घेतलं तं औषध मातीलेच चिकटते, मंग लोकं म्हणतेत माल डुप्लिकेट होता. खरं तं पेरल्याबरोबर, उगवायच्या आत पेंडीमेथॅलीन मारा लागत होतं. आता तो टाइम गेला.

पांढरं_सोनं: हूड लावून वाऱ्यात मारू नका, झाड गेलं समजा.

धुरेवाला: हे तुमीच वर लिहिलं ना?

राळेगावचा_कास्तकार: समद्यायचं वाचलं. काहीच मारत नाही. उद्यापासून निंदणाले बाया लावतो, हजाराच्या वर जाते पण तूर तं राह्यते. केना ढोराले होईन. धुऱ्यावरचं नंतर पाहू.

आर्वीकर: बाया भेटल्या कुठं भाऊ? आमच्याकडं ऑटो पाठवला तरी कोणी येत नाही.

पांढरं_सोनं: पंपाचा फोटो टाकू का?