टीडीसीएस (डोक्याला पॅड लावून मेंदूला हलका करंट देणारा हेडसेट) लावूनही टायपिंग स्पीड वाढत नाही, पॅडची जागा चुकते का? मदत हवी आहे

डावखुरा_नाही: नमस्कार, अर्जंट आहे. लिपिक-टंकलेखकची स्किल टेस्ट १९ दिवसांवर आली आणि माझा मराठी स्पीड २४ च्या वर जाऊनच नाही राहिला, पाहिजे ३०. मित्राचा टीडीसीएस हेडसेट आणला, रोज वीस मिनिटं लावून राहिलो, सहा दिवस झाले, फरक शून्य. व्हिडिओत लाल पॅड डोक्याच्या डाव्या बाजूला आन काळा उजव्या भुवईवर सांगितला, तसाच लावतो. फक्त जागा सांगा, प्रॅक्टिस कर वगैरे नको, ते करतोच आहे.

बर्डीवरचा: करंट किती? कीबोर्ड रेमिंग्टन का इन्स्क्रिप्ट? काहीच लिहिलं नाही तर काय सांगणार भाऊ.

सर्किटवाला: हेडसेटची गरजच नाही, मी ९ व्होल्टच्या बॅटरीवर घरीच बनवला, गिटारला जबरदस्त फायदा झाला. २ मिलिअँपिअरवर ने, लगेच कळेल.

फिजिओ_मनीषनगर: सर्किटवाला, कृपा करून असं सांगू नका. करंट दुप्पट म्हणजे परिणाम दुप्पट असं मेंदूत होत नाही. १ मिलिअँपिअरच्या आसपासच्या करंटने मोटर कॉर्टेक्सची (हालचाली चालवणारा मेंदूचा भाग) उत्तेजना वाढते-कमी होते हे नित्शे आणि पॉलस यांनी २००० साली जर्मनीत दाखवलं. मग २००९ चा पाच दिवसांचा प्रयोग झाला, लोक निरोगी, रोज २० मिनिटं, चिमटीत सेन्सर दाबून स्क्रीनवरचा कर्सर हलवायचा. त्यात फायदा दिसला तो सराव चालू असताना नाही, एका दिवसापासून दुसऱ्या दिवसापर्यंतच्या मधल्या वेळात, म्हणजे शिकलेलं मुरण्यात. आणि करंट सरावासोबतच चालू होता. तुम्ही हेडसेट लावून टाईप करता की नुसते बसता?

डावखुरा_नाही: नुसता पडून राहतो कुलरसमोर, टायपिंग संध्याकाळी. करंट १.५. कीबोर्ड इन्स्क्रिप्ट. उजवा हात बरा चालतो, मात्रा आल्या का अडकतो. पॅड पाच-सात मिनिटांत वाळतो या गर्मीत, मग चावते, काल भुवईवर रुपयाएवढा लाल डाग पडला.

बर्डीवरचा: हे आधी सांगायचं ना! इन्स्क्रिप्टमध्ये स्वर-मात्रा जवळपास सगळ्या डाव्या हाताला आन बहुतेक व्यंजनं उजव्या. डावा हात चालवतो उजवा मेंदू. तू ज्या हाताला अडचणच नाही त्याच्या बाजूला लाल पॅड लावून राहिला.

धंतोली_७२: माझ्या मोठ्या भावाला डिप्रेशनसाठी चुंबकाची ट्रीटमेंट दिली होती, आरटीएमएस म्हणतात, अमेरिकेत २००८ पासून मान्यता आहे. त्याला खूप आराम पडला. घाबरू नका.

फिजिओ_मनीषनगर: काका, ते यंत्र वेगळं, आजार वेगळा, आणि ते डॉक्टरांसमोर होतं. डावखुरा_नाही, बाजू बदलायच्या आधी थांबा. वाळलेल्या स्पंजात करंट एकाच ठिकाणी जमतो, त्यातून कातडी भाजते. डोक्यात धातू, कधी फिट, काही गोळ्या?

सर्किटवाला: फिट कोणाला येते यात? उगाच घाबरवून राहिल्या.

डावखुरा_नाही: लहानपणी यायची. आठवीपर्यंत गोळी होती, मग बंद झाली, तेव्हापासून काही नाही. याचा काय संबंध?

फिजिओ_मनीषनगर: तोच तर संबंध. फिटचा इतिहास असलेल्यांना अशा प्रयोगांत सहसा घेत नाहीत, त्यामुळे तुमच्यासारख्यावर याचा काय परिणाम होईल हे त्यांवरून कळत नाही. आज लावू नका, उद्याही नको. मेडिकल कॉलेजच्या न्यूरो ओपीडीत दाखवा. आणि २०१४ मध्ये पियानोवादकांवर आणि पियानो न शिकलेल्यांवर टीडीसीएस करून पाहिलं तेव्हा न शिकलेल्यांना फायदा झाला, मुरलेल्या वादकांना नाही. सर्किटवाला, तुमची बोटं गिटारच्या सरावाने चालली असतील, हेही धरून पहा.

सर्किटवाला: फिटचं माहीत नव्हतं. माझा २ वाला सल्ला सोडून दे भाऊ.

डावखुरा_नाही: काढून ठेवला. घरी आईला सांगितलं तर ती रडायलाच लागली. आता १९ दिवसांत काय करू ते तरी सांगा.

बर्डीवरचा: सहा दिवस फक्त डावा हात. कि की कु कू के कै, एकेका व्यंजनावर, हळू, चूक झाली का ओळ पुन्हा. रात्री अर्धा तास करून सरळ झोप, जागू नको. २००२ च्या, बोटांनी ठरलेल्या क्रमाने बटणं दाबायच्या प्रयोगात रात्रीच्या झोपेनंतर वेग साधारण २० टक्के वाढला होता, काहीही न लावता. परवा स्पीड टाक इथे.

डावखुरा_नाही: आज रात्रीपासून बसतो. मात्रांचे पॅसेज कोणाकडे असतील तर टाका, युनिकोडमध्ये.