विषय: नागपूरच्या घरातला स्मोक अलार्म, बाबांनी बॅटरीच काढली

नमस्कार मंडळी,

सध्या अमेरिकेहून नागपूरला आले आहे, त्रिमूर्ती नगरला आईबाबांकडे. येताना बॅटरीवरचे दोन स्मोक अलार्म घेऊन आले, एक किचनच्या दारावर लावला आणि एक हॉलमध्ये. आता झालंय असं की आईने सावजीचा मसाला भाजायला घेतला किंवा मिरचीची फोडणी दिली की किचनचा जो कोकलायला लागतो तो थांबतच नाही, शेजारच्या काकू गच्चीवरून विचारतात काय झालं म्हणून, शेवटी बाबांनी बॅटरी काढून ड्रॉवरमध्ये टाकली. वर म्हणतात, "आपलं घर सिमेंटचं, तुमच्यासारखं लाकडाचं नाही, इथं कशाला लागते आग." दोघंही सत्तरीच्या पुढचे, रात्री घरात दोघंच असतात, मला खरंच काळजी वाटते. कोणी आपल्या आईवडिलांकडे लावलाय का? कुठे लावला, कोणता लावला, सांगा प्लीज.

---

उत्तर: नागपूरच्या घरातला स्मोक अलार्म

ताई,

मी अमेरिकेत कामच फायर अलार्म सिस्टिमचं करतो आणि माझे आईवडील मानेवाड्याला राहतात, म्हणून जरा लांब लिहितो.

आधी बाबांच्या सिमेंटबद्दल. भिंत नाही जळत हे खरं, पण घरात जे आहे ते जळतं ना. सोफ्याचा फोम, गादी, पडदे, प्लास्टिकच्या खुर्च्या, कपाटावर रचून ठेवलेल्या सूटकेसी. फोमचा धूर अतिशय विषारी असतो, आणि घरच्या आगीत बहुतेक माणसं ज्वाळेने नाही, धुराने जातात, पुष्कळदा झोपेतच. झोपलेल्या माणसाला धुराचा वास येऊन जाग येईल यावर विसंबून राहता येत नाही. अमेरिकेतल्या एनएफपीए या अग्निसुरक्षा संस्थेचे आकडे पाहा, घरच्या आगीत जे मृत्यू होतात त्यातले पाचातले जवळपास तीन अशा घरांत होतात जिथे अलार्म नव्हता किंवा होता पण चालू नव्हता. ड्रॉवरमधली बॅटरी म्हणजे तेच झालं. हे बाबांना तुम्ही शांतपणे सांगा, ते ऐकतील.

आता फोडणीचं. तिथे चूक आईची नाही, जागेची आहे. अलार्म शेगडीपासून निदान १० फूट, म्हणजे ३ मीटर लांब पाहिजे. किचनच्या दारावरचा काढा आणि बेडरूमच्या बाहेर पॅसेजमध्ये लावा. दुसरं, डबीच्या मागे काय लिहिलंय ते वाचा, आयोनायझेशन की फोटोइलेक्ट्रिक. आयोनायझेशनवाला भडकलेल्या आगीला लवकर पकडतो पण तळणीभाजणीवर उगाच ओरडतो. फोटोइलेक्ट्रिक धुमसणारी आग लवकर ओळखतो, उदबत्तीची ठिणगी गादीवर पडली किंवा वायर आतल्या आत जळून राहिली तर तोच कामाचा, आणि स्वयंपाकाचा त्रासही त्याला कमी. 'हश'चं, म्हणजे अलार्म थोडा वेळ गप्प करायचं बटण असलेला घ्या, मिरची भाजताना आई ते दाबेल, थोड्या वेळाने तो आपोआप परत चालू होतो, बॅटरीला हात लावायची गरजच नाही. तारीख पण पाहा, बनल्यापासून १० वर्षं झाली की अख्खा अलार्म बदलायचा, टेस्टचं बटण दाबल्यावर वाजला तरीही.

नागपूरच्या दोन गोष्टी तिकडच्या माहितीपत्रकात कोणी लिहीत नाही. एक म्हणजे ऊन. घरगुती अलार्म बहुतेक ३८ डिग्रीपर्यंतच्या खोलीसाठी बनवलेले असतात आणि मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या वर जातो, त्यामुळे गच्चीखालच्या तापलेल्या बंद खोलीत लावून त्याच्या भरवशावर राहू नका, जिथे माणसं झोपतात आणि जरा थंडावा असतो तिथे लावा. दुसरी म्हणजे कूलर. कूलरच्या झोताच्या समोर लावला तर धूर अलार्मपर्यंत पोचतच नाही, वर ओलावा आणि धूळ आत जाऊन तो फुकट वाजतो. झोतापासून बाजूला, छताला लावा. आणि हो, तिकडचा वायरिंगवाला १२० व्होल्टचा अलार्म चुकूनही आणू नका, नागपूरला २३० आहे. बॅटरीवालाच बरा.

---

उत्तर: नागपूरच्या घरातला स्मोक अलार्म

दादांनी कूलरचं काढलं म्हणून लिहिते. माझ्या सासूबाई धरमपेठेत राहतात, उन्हाळ्यात दार लावून कूलर फुल्ल करून झोपतात, त्या आवाजात बाहेरचा फोन वाजलेला ऐकू येत नाही तिथे पॅसेजमधला अलार्म कुठून ऐकू येणार? शिवाय वय झालं की बारीक, उंच पट्टीचा आवाजच आधी ऐकू येईनासा होतो आणि साधे अलार्म नेमके तसेच, ३००० हर्ट्झच्या आसपास किंचाळणारे. आम्ही मग वायरलेसने एकमेकांना जोडलेले घेतले, हॉलमध्ये धूर झाला की बेडरूममधला पण वाजतो, अगदी पलंगाच्या वर. कमी ऐकू येणाऱ्यांसाठी ५२० हर्ट्झचे खालच्या पट्टीचे अलार्म असतात, त्यांनी जाग लवकर येते, उशीखाली थरथरणारं यंत्र पण मिळतं. सासूबाई सहा महिने आमच्याकडे येतात तेव्हा पहिल्याच दिवशी मी टेस्टचं बटण दाबून त्यांना आवाज ऐकवते आणि कुठल्या दाराने बाहेर पडायचं, बाहेर कुठे उभं राहायचं ते चालून दाखवते. आईवडील पाहुणे म्हणून येतात आणि आपण त्यांना वायफायचा पासवर्ड सांगतो, हे सांगत नाही.

---

उत्तर: नागपूरच्या घरातला स्मोक अलार्म

दादा, वहिनी, खूप आभार. किचनचा काढून पॅसेजमध्ये लावला, आज आईने वांग्याच्या भाजीला चांगली खमंग फोडणी दिली तरी गप्प होता. बाबांना धुराचं पटलं. आता दोन प्रश्न. बाबा रात्री समोरच्या चॅनल गेटला कुलूप लावतात आणि किल्ली आतल्या कपाटात ठेवतात, मागच्या बाजूला सगळीकडे ग्रिल. आणि सिलिंडर लीक झाला तर हा अलार्म वाजेल का?

---

उत्तर: नागपूरच्या घरातला स्मोक अलार्म

नाही वाजणार. तो धूर ओळखतो, गॅस नाही. गॅसचा डिटेक्टर वेगळा घ्यावा लागतो आणि तो खाली, जमिनीजवळ लावायचा, कारण एलपीजी हवेपेक्षा जड, खाली साचतो. तिकडे पाइपमधला नॅचरल गॅस हलका म्हणून वर लावतात, ती सवय इथे चालवू नका. वास आला तर रेग्युलेटर बंद, दारंखिडक्या उघड्या, आणि कुठलंच बटण दाबायचं नाही, एक्झॉस्टचं तर अजिबात नाही, लोक घाईघाईत नेमकं तेच करतात. बाहेर येऊन मग १९०६ ला, म्हणजे गॅसगळतीच्या हेल्पलाइनला फोन. आग असेल तर १०१. हे दोन्ही नंबर मोठ्या अक्षरात लिहून फ्रिजवर चिकटवा.

किल्लीचं मात्र आजच करा, अलार्मपेक्षाही आधी. धुरात डोळे उघडत नाहीत, कपाट कोण शोधणार? चॅनल गेटजवळ आतल्या भिंतीला खिळा ठोका, बाहेरून हात पोचणार नाही एवढ्या अंतरावर, आणि किल्ली रोज रात्री तिथेच. एक जास्तीची किल्ली शेजारच्या काकूंकडे. मागच्या एका ग्रिलला आतून उघडणारी झडप करून घ्या, वेल्डिंगवाला करून देतो, माझ्या बाबांकडे केली आहे. झोपताना बेडरूमचं दार लावून झोपायला सांगा, बंद दार धूर आणि आग बराच वेळ अडवतं.

आणि रात्री लाइट घालवून, डोळे मिटून, बाबांना पलंगापासून त्या किल्लीपर्यंत एकदा चालायला लावा. किती वेळ लागला ते कळवा.