'अनटायटल्ड'वाल्यांनो, नाव द्यायला काय जातं?

ओला रंग
काल पटाशी यांनी लिहिलं: "नाव ही कुबडी आहे. कलाकृती स्वतःच्या पायावर उभी असेल तर कुबडी लागत नाही, पडलेली असेल तर कुबडीने उठत नाही. यापुढे माझ्या एकाही शिल्पाला नाव नाही." खाली टाळ्यांचा पाऊस. तिथेच दोन ओळी खरडणार होतो, पण डोकं फिरलं म्हणून वेगळा धागा.

हा शहाणपणा मीही करून बसलोय. सहा चित्रं लावली, सहाही 'अनटायटल्ड'. मोठ्या तोऱ्यात. तिसऱ्या दिवशी त्यातल्या एकाचं नाव 'बेडूक' पडलं होतं. कोणी पाडलं, देव जाणे. हिरवा पसरट डाग आणि वर दोन पिवळट ठिपके, एवढंच होतं हो. मग जो येईल तो बेडूक शोधायचा आणि सापडला की खूश होऊन पुढे सरकायचा. हिरव्याखाली तांबड्याचे थर देण्यात माझे दोन महिने गेले होते, ते एकालाही दिसले नाहीत. वर आणखी, यादीत सहा 'अनटायटल्ड', वर्ष एकच, त्यातली चार एकाच मापाची. घेणाऱ्याच्या घरी भलतंच चित्र पोचलं. भांडायचीही सोय नव्हती, यादी मीच केलेली.

तुम्ही नाव ठेवलं नाहीत की लोक नावं ठेवतात, दुसरं काय! रेम्ब्रांटचं १६४२चं ते भलंमोठं समूहचित्र घ्या. 'नाइट वॉच' हे नाव त्याचं नव्हेच, शंभराहून जास्त वर्षांनी चिकटलं. तोवर वॉर्निश इतकं काळवंडलं होतं की दिवसाचा प्रसंग रात्रीचा वाटू लागला. १९४०च्या दशकात साफसफाई झाली, ऊन दिसलं. नाव निघालं का? छे.

पटाशी
बेडूक हा तुमच्या हिरव्याचा दोष. नाव नसण्याच्या माथी कशाला मारता?

आता माझं ऐका. शिसवीचा एक ओंडका होता, मधोमध मोठी गाठ. ती गाठ न फोडता आकार तिच्याभोवती वळवायचा, एवढाच माझा खटाटोप. पटाशीची दोन पाती गेली त्यात. एका मित्राने 'विरह' सुचवलं, मी मान डोलावली. संपलं. ज्याला त्याला कोणीतरी निघून चाललेलं दिसायला लागलं. एक बाई तर समोर उभ्या राहून रडल्या. गाठीकडे कोणी बघेचना!

आणि 'नाव देऊन टाका' म्हणणाऱ्यांसाठी: पोलॉक या अमेरिकन चित्रकाराने १९४८पासून चित्रांना नावांऐवजी आकडे द्यायला सुरुवात केली. १९५०च्या एका चित्राला ग्रीनबर्ग या समीक्षकाने सुचवलेलं 'लॅव्हेंडर मिस्ट' चिकटलं. त्यात लॅव्हेंडर रंग नाहीच. तरी लोक जांभळट धुकं बघून येतात.

कुंचला मोडका
पटाशी यांना +१. चित्रकार गायतोंड्यांची निनावी चित्रं बघताना कोणाचं काही अडलं नाही.

तरी एक शंका. कुबडीच असेल तर ती इतकी झोंबते कशी? १९१२ साली द्यूशाँ या फ्रेंच चित्रकाराचं 'जिना उतरणारी नग्नाकृती' हे चित्र पॅरिसच्या प्रदर्शनात लागायचं होतं. मांडणी समितीने त्याच्या भावांकरवी निरोप धाडला, निदान नाव तरी बदल. नाव तर कॅनव्हासवरच रंगवलेलं. पठ्ठ्याने चित्र उचललं आणि घरी नेलं. म्हणजे भांडण रंगांवरून कमी, नावावरूनच जास्त.

ऱ्हस्वदीर्घ
अवांतर, पण राहवत नाही. 'निनावी चित्रं' चूक आहे. निनावी पत्र म्हणजे पाठवणाऱ्याचं नाव नसलेलं पत्र. तसं निनावी चित्र म्हणजे चित्रकार अज्ञात. गायतोंडे अज्ञात आहेत का?

कुंचला मोडका
मग काय म्हणू? शीर्षकविरहित? बोलताना दात दुखतात.

ऱ्हस्वदीर्घ
'बिननावाचं' म्हणा. शिवाय 'शीर्षक' लेखाला असतं, चित्राला नाव असतं. पाळण्यात घातलेल्या पोराचं शीर्षक ठेवतो का आपण?

बाकावरचा
कवितेला शीर्षक चालतं, मग चित्राने काय घोडं मारलंय? आणि 'बिननावाचं' हे 'बिनडोक'च्या शेजारचं वाटतं.

ऱ्हस्वदीर्घ
'बिनचूक'च्याही शेजारचं आहे. तुमचा त्या शब्दाशी परिचय नसावा.

बाकावरचा
झालं, आले वैयक्तिकवर. आमच्या वर्गात एक सर होते, चित्राकडे न बघता पाठीमागचं नाव वाचून वेलांटी तपासायचे. 'क्षितिज'ची ति मी दीर्घ काढली होती. चित्र कसं होतं ते आजवर कळलेलं नाही मला. तुम्ही तेच नाही ना?

ऱ्हस्वदीर्घ
नाही. पण सर बरोबर होते.

ओला रंग
माझ्या धाग्यावर वेलांट्या कसल्या मोजताय?

'निनावी'ला माझी हरकत नाही. निनावी देणगी म्हणतो तेव्हा देणाऱ्याने मुद्दाम नाव दडवलेलं असतं. 'अनटायटल्ड'वाले तेच करतात, मनात एक नाव असतं पण सांगायची भीती वाटते. मी तरी तेच केलं होतं. त्या हिरव्या चित्राचं मनातलं नाव 'ओल' होतं. लिहिलं असतं तर लोक हिरव्याच्या खाली तरी बघायला गेले असते.

पटाशी
'ओल' वाचून भिंतीची गळती आठवली असती. पण ठीक आहे, बेडकापेक्षा बरं. एवढं मान्य, नाचू नका.

आणि भीतीचं म्हणाल तर मला भीती नाही, कंटाळा आहे. 'स्पंदन', 'अंतर्नाद', 'अव्यक्त'. एका प्रदर्शनात मी तीन 'अव्यक्त' मोजले. त्यापेक्षा आकडा परवडला.

ओला रंग
ते तुमच्या बाजूने झालं की माझ्या? वाईट नावं आहेत म्हणून नावच नको? मोनेने १८७४च्या प्रदर्शनाच्या यादीसाठी चित्राचं नाव विचारल्यावर 'इम्प्रेशन' लिहा म्हणून सांगितलं. एका टीकाकाराने त्याच शब्दाची टर उडवली, आणि अख्ख्या चळवळीला 'इम्प्रेशनिझम' हे नाव मिळालं. जाता जाता दिलेलं ते, कुठे अंतर्नाद नव्हता त्यात.

बरं, एक सांगा. त्या रडणाऱ्या बाईंनीच घेतलं ना 'विरह'?

पटाशी
हो.

ओला रंग
आणि तुम्ही म्हणालात, "बाई, ही फक्त गाठ आहे"?

पटाशी
नाही म्हणाले. पैसे घेतले. बस्स? समाधान?

पुढच्याला 'गाठ' नाव देणार आहे. तेवढं एकदाच.

ऱ्हस्वदीर्घ
गाठ लाकडातली, दोऱ्यातली, की भेटीगाठीतली? डॉक्टर दाखवतात तीही असते.

पटाशी
लाकडातली! आता तेही खाली लिहू का?