मदत हवी आहे: दोन रात्री समुद्रकाठी, खोली पाण्याजवळ घ्यावी की खाण्याजवळ?

नमस्कार मंडळी,

आम्ही चौघं (मी, नवरा, सहा वर्षांची लेक आणि गुडघे कुरकुरणारी माझी आई) पुढच्या महिन्यात समुद्रकाठच्या एखाद्या शहरात दोन रात्री राहून यायचं म्हणतोय. शहर अजून पक्कं नाही, दोन-तीन नावांवर घरात खल चालू आहे. त्यामुळे 'अमुक हॉटेल घ्या' असं नको, निवडायचं कसं ते सांगा. खोली आणि खाणं, दोन्हींवर सैल हात सोडता येणार नाही. एकावरच सोडता येईल.

गेल्या खेपेला खोलीवर सोडला. 'सी व्ह्यू' होता, नाही असं नाही. गॅलरीच्या उजव्या कोपऱ्यात उभं राहून मान बाहेर काढली की दिसायचा समुद्र. पोचलो तेव्हा नेमकी ओहोटी, पाणी इतकं आत गेलेलं की लेक म्हणाली, "समुद्र कुठे गेला?" आणि खायला जवळ एकच ठिकाण. बारा पानी मेनूकार्ड, चव मात्र सगळ्याची एकच. दुसऱ्या दिवसापासून प्रत्येक जेवणाला गाडी करून बाजारात जात होतो. आधीच महाग घेतलेली खोली त्या गाडीभाड्याने आणखी महाग पडली.

म्हणून यंदा हिशोब मांडला. दुपारी २ ला खोली मिळणार, तिसऱ्या दिवशी सकाळी ११ ला सोडायची, म्हणजे झाले ४५ तास. त्यातले १६ झोपेचे. उरलेल्यांत खिडकीशी बसून समुद्र बघणार किती, फार तर दोन तास! त्यापेक्षा किनाऱ्यापासून दोन-तीन गल्ल्या आत, बाजाराजवळ साधी स्वच्छ खोली घ्यावी आणि वाचलेले पैसे पोटात घालावेत, असं माझं मत. नवऱ्याचं म्हणणं, समुद्रावर जाऊन भिंत बघायची तर घरीच बसू. आईला पाच मिनिटांपलीकडे चालवत नाही, हा तिसरा मुद्दा. ती मासे खात नाही, आम्ही बाकीचे फक्त त्यासाठीच जातो, हा चौथा.

'किनारा चालत ५ मिनिटं' यावर विश्वास ठेवायचा का? आणि अनोळखी शहरात चांगलं खाणं ओळखायचं कसं?

प्रतिसाद

ताई, तुमचा हिशोब बरोबर आहे, पण आधी भरतीचं वेळापत्रक बघा, मग तारखा ठरवा. बहुतेक किनाऱ्यांवर भरतीनंतर सव्वासहा तासांनी ओहोटी येते आणि या वेळा रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकतात. पाणी सर्वांत दूर जातं ते अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास. लेकीला पाण्यात खेळवायचं असेल तर जीवरक्षक कधी असतात तेही विचारून घ्या, लाल झेंडा दिसला तर उतरायचंच नाही.

'५ मिनिटं' नकाशावर चालायच्या रस्त्याने मोजा, सरळ रेषेत नाही. मध्ये खाडी किंवा रेल्वेरूळ आला की पाचाची वीस होतात. आईंसाठी फोन करून दोनच गोष्टी विचारा: लिफ्ट आहे का, आणि दारापर्यंत पायऱ्या किती. अभिप्राय ताजे वाचा, त्यातही तीन तारेवाले. पाच तारेवाले खूश असतात, एकवाले चिडलेले असतात.

मासळीचं म्हणाल तर मेनूकार्ड न उघडता "आज काय आलंय?" एवढंच विचारा. दोन-तीन नावं सांगितली तर बसा. "सगळं आहे" म्हणाले तर ते बोटीतून नाही, फ्रीजरमधून आलंय. शाकाहारी जेवायला मात्र किनाऱ्यावर थांबू नका, बाजारात दुपारी दुकानदार जिथे जेवायला शिरतात तिथे जा.

मूळ प्रश्नकर्ती

खूप आभार! लगेच वेळापत्रक काढलं. दोन्ही पसंतीच्या शहरांत आम्ही धरलेल्या तारखांना भरती दुपारी १ च्या सुमारास, म्हणजे संध्याकाळी ७ ला पुन्हा 'समुद्र कुठे गेला'. आठवडाभर पुढे गेलो तर भरती संध्याकाळी पावणेसातच्या आसपास येते. खोली बाजाराजवळच घ्यायची, हे नवऱ्याने एका अटीवर कबूल केलंय: दोन्ही संध्याकाळी अंधार पडेपर्यंत किनाऱ्यावरून उठायचं नाही. त्याची रजा पुढे सरकते का, ते सोमवारी कळेल.